हिशेब न मागणारा बाप

आई-वडील भारतातून सहा महिन्यांसाठी आले की आपल्या सगळ्यांच्या घरी एक ठरलेली यादी असते. नायगारा, वॉशिंग्टन, न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, हर्शीची चॉकलेटं आणि त्याला जोडून लँकेस्टरचं ‘आमिश गाव’. न्यू जर्सीतल्या बहुतेक मराठी घरांत तो एक फोटो असतोच: साडीवर जाड स्वेटर, पायात मोजे आणि बूट घातलेली आई, आणि मागे काळी घोडागाडी.

मागच्या ऑक्टोबरात माझी आई आली तेव्हा मीही यादी काढली. “आमिश लोक बघायला जाऊ,” म्हटल्यावर तिनं विचारलं, “आमिष? कसलं आमिष दाखवतात?” मी समजावलं. हे लोक वीज घेत नाहीत, मोटार चालवत नाहीत, घोड्यांनी शेती करतात, गाई पाळतात, बायका डोक्यावर पांढरी टोपी घालतात. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “हे बघायला एवढं विमानात बसून आले होय मी? आपल्या वाडीत चाळीस वर्षं दुसरं काय केलं?”

आम्ही नगरकडचे. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण तोंडी नगरच येतं. घराणं तीन पिढ्या ख्रिस्ती. गंमत अशी की इथल्याच बॉस्टनच्या मंडळींनी पाठवलेले मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले आणि पुढे नगरला आले. त्यांच्या देशात आज मी राहतो आणि माझी आई त्यांच्या देशातल्या गाई बघून म्हणते, “जर्सी आहेत का होलस्टीन?” मंडळात आम्ही दोन-तीनच ख्रिस्ती कुटुंबं. गणपतीत आरतीला मी टाळ वाजवतो, नाताळात सगळे आमच्याकडे केक आणि करंज्या खायला येतात. पण अनेक मित्रांनी एक प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे: “तुमच्यात पाप केलं, कबूल केलं, की झालं का रे? देव माफ करतो म्हणजे नेमकं काय?” मी आजवर हसून वेळ मारून नेली. या वर्षी संपादकांनी लेख मागितला, तेव्हा ठरवलं की याचं उत्तर द्यायचं. त्याला कारण त्या लँकेस्टरच्या सहलीत घडलं.

कुरणाजवळ

हाताने शिवलेल्या गोधड्या, सफरचंदाचा मुरंबा, घोडागाडीची फेरी हे सगळं दुपारपर्यंत उरकलं. परतताना मी गाडी मुख्य रस्ता सोडून आत वळवली. निकेल माइन्स नावाची एक छोटी वस्ती तिथून जवळ आहे. बघण्यासारखं तिथं काही नाही. एक कुरण आहे, कुंपण आहे, लांबवर गोठे आणि धान्याचे उंच कोठार दिसतात. मी गाडी कडेला थांबवली. आई म्हणाली, “इथं काय?” मी सांगितलं, “इथं शाळा होती.”

2 ऑक्टोबर 2006. सोमवार. एका खोलीची शाळा, पहिलीपासून आठवीपर्यंत सगळी मुलं एकत्र बसणारी. बत्तीस वर्षांचा एक माणूस बंदुका घेऊन आत शिरला. तो परका नव्हता. जवळच राहायचा, टँकर घेऊन आमिश गोठ्यांवरून दूध गोळा करायचा. त्याने मुलग्यांना आणि मोठ्यांना बाहेर काढलं आणि दहा मुलींना आत ठेवलं. त्या सहा ते तेरा वर्षांच्या होत्या. वाचलेल्या मुलींनी नंतर सांगितलं, की त्यांतल्या तेरा वर्षांच्या मुलीने त्याला आधी आपल्याला मारायला सांगितलं, म्हणजे धाकट्यांना थोडा वेळ मिळेल. पोलीस दाराशी आले तेव्हा त्याने दहाही मुलींवर गोळ्या झाडल्या आणि मग स्वतःवर. पाच मुली गेल्या. पाच जबर जखमी झाल्या.

त्याने मागे चिठ्ठी ठेवली होती. नऊ वर्षांपूर्वी त्याची पहिली मुलगी जन्मल्यावर काही मिनिटांतच गेली होती. त्याबद्दल देवावरचा राग त्याच्या मनातून गेला नव्हता.

यापुढे जे झालं त्यामुळे जगभरची वर्तमानपत्रं गोंधळून गेली. त्याच संध्याकाळी, मुली अजून इस्पितळात होत्या तेव्हा, काही आमिश शेजारी त्या माणसाच्या बायकोच्या आणि आई-वडिलांच्या दारात गेले. आमच्या मनात तुमच्याविषयी राग नाही, तुम्ही इथून निघून जाऊ नका, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या शनिवारी त्या माणसाला मूठमाती दिली तेव्हा जमलेल्यांत निम्म्याहून अधिक लोक आमिश होते. त्यात एक-दोन दिवसांपूर्वीच आपल्या मुली पुरून आलेले आई-बापही होते. जगभरातून मदतीचा पैसा आला, तेव्हा त्यातला काही भाग त्या माणसाच्या बायको-मुलांसाठी बाजूला काढला गेला. दहा दिवसांनी शाळा पाडली आणि ती जागा गुरांना चरायला मोकळी सोडली. सहा महिन्यांनी, 2 एप्रिल 2007 ला, जवळच नवी शाळा उघडली. तिचं नाव ‘नवी आशा’ अशा अर्थाचं आहे.

आई काही बोलली नाही. कुंपणाच्या लाकडावर हात ठेवून उभी राहिली. मग तिच्या ओठांची हालचाल दिसली. ती प्रभूची प्रार्थना म्हणत होती. आमच्याकडे लहान मूल बोलायला लागलं की पहिली हीच शिकवतात.

ऋण आणि ऋणी

त्या वेळी अनेकांना वाटलं की हे माणसाला न पेलणारं, जवळजवळ दगडाचं काळीज आहे. काहींनी टीकाही केली: इतक्या लवकर क्षमा म्हणजे मुलींच्या मरणाचा अपमान नाही का? पुढे या समाजाचा अभ्यास करणाऱ्या तिघा प्राध्यापकांनी 2007 साली या घटनेवर पुस्तक लिहिलं. त्यांना आमिश लोकांनी पुन्हा पुन्हा एकच उत्तर दिलं होतं. आम्ही फार थोर म्हणून हे केलं नाही. प्रभूच्या प्रार्थनेत रोज आम्ही जे मागतो, तेच केलं.

त्या प्रार्थनेत माणूस देवाकडे क्षमा मागतो आणि त्याच दमात कबूल करतो, की मीही माझ्या अपराध्यांना क्षमा केली आहे. मराठी बायबलात तिथं ‘ऋण’ आणि ‘ऋणी’ हे शब्द आहेत. लहानपणी मला ते सावकारी वाटायचे. आता वाटतं, की मराठी माणसाला याहून अचूक शब्द सापडला नसता. कारण ख्रिस्ती विश्वासात क्षमा समजावताना येशूने वापरलेलं मोठं उदाहरण कर्जाचंच आहे.

पेत्राने एकदा येशूला विचारलं, भावाने अपराध केला तर किती वेळा क्षमा करू? सात वेळा? त्याला वाटलं, आपण फार उदार आकडा सांगितला. येशूने सांगितलं, सात नव्हे, सातांच्या सत्तर वेळा. म्हणजे 490 पर्यंत मोजायचं असं नाही. मोजणंच सोडायचं. आणि मग त्याने एक गोष्ट सांगितली.

एका राजाच्या चाकरावर दहा हजार तलांतांचं कर्ज होतं. तो पाया पडला आणि राजाने सगळं कर्ज सोडून दिलं. बाहेर पडल्यावर त्याच चाकराने, आपले शंभर दीनार देणं असलेल्या सोबत्याचा गळा धरला आणि त्याला तुरुंगात टाकलं. राजाला हे कळलं तेव्हा त्याने चाकराला परत बोलावलं, आणि दिलेली माफी संपली.

यातले आकडे आज कानांवरून जातात, म्हणून मी एकदा कागद घेऊन बसलो. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तलांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. दहा हजार तलांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस कामाचे धरले तरी दोन लाख वर्षं. दुसऱ्याचं कर्ज शंभर दिवसांचं, म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांचं. ते काही चिल्लर नाही. एखाद्या मजुराचे तीन महिन्यांचे पैसे बुडाले तर त्याच्या पोटात खड्डा पडतोच. गोष्ट असं म्हणत नाही, की तुमचं नुकसान खोटं आहे. ती एवढंच म्हणते, की तुम्हाला सुटलेलं कर्ज एकदा शेजारी ठेवून बघा.

म्हणून ख्रिस्ती अर्थाने क्षमा हा माणसाच्या खिशातला पैसा नसतोच. तो वरून आलेला असतो आणि पुढे द्यायचा असतो. आमच्याकडच्या पाटाच्या पाण्यासारखं आहे हे. पाणी कालव्याचं. आपली पाळी झाली की बारं पुढच्या शेताला सोडावं लागतं. कोणी अडवून धरलं तर पुढच्याचं रान सुकतंच, पण अडवणाऱ्याच्या वावरातही पाणी साचून मुळं कुजतात.

आमिश लोकांत हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, ते प्रभुभोजनाचा विधी करतात. त्याआधी मंडळीतली भांडणं मिटावी लागतात. मिटली नाहीत तर विधीच पुढे ढकलतात. त्यांच्या घरोघरी हुतात्म्यांच्या कथांचा एक जाडजूड जुना ग्रंथ असतो, 1660 सालचा, डच भाषेत लिहिलेला. त्यात डर्क विलेम्सची गोष्ट आहे. 1569 साली हॉलंडात श्रद्धेपायी कैदेत पडलेला हा माणूस निसटला आणि गोठलेल्या पाण्यावरून पळाला. मागे लागलेला शिपाई बर्फ फुटून पाण्यात पडला. डर्क मागे फिरला, त्याला हात देऊन बाहेर काढलं, पुन्हा पकडला गेला आणि जिवंत जाळला गेला. ज्या मुलांनी बर्फावर वाकलेल्या त्या माणसाचं चित्र लहानपणापासून पाहिलं आहे, त्यांना मोठेपणी क्षमेचा विचार पहिल्यांदा करावा लागत नाही.

“कबूल केलं की झालं का?”

आता मित्रांच्या प्रश्नाकडे येतो. कबूल केलं की झालं, असं खरंच असतं तर हा धर्म म्हणजे कपडे धुण्याचं यंत्र झाला असता. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर याने 1937 साली याच वृत्तीला ‘स्वस्त कृपा’ म्हटलं: पश्चात्तापाशिवाय क्षमा, आयुष्य न बदलता आशीर्वाद. त्याने स्वतः महाग कृपा कशी असते ते दाखवलं. हिटलरच्या विरोधात उभा राहिल्याबद्दल एप्रिल 1945 मध्ये त्याला फाशी दिली गेली.

पण क्रम महत्त्वाचा आहे. बायबलात जक्कय नावाचा एक जकातदार आहे. लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, बुटका. गर्दीत येशू दिसावा म्हणून झाडावर चढलेला. येशू त्याला खाली बोलावतो आणि त्याच्या घरी पाहुणा म्हणून जातो. सगळं गाव कुजबुजतं. येशूने त्याच्याकडून आधी कबुली मागितली नाही, दंड ठोठावला नाही. पाहुणा दारात आल्यावर जक्कय स्वतःच म्हणतो, की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो. दया आधी आली, भरपाई मागून. भरपाई झालीच, पण ती दयेची किंमत नव्हती. ती दयेमुळे झाली.

दुसरं असं, की क्षमा केली म्हणजे दुःख संपलं किंवा कायदा बाजूला झाला असं कोणी आमिश म्हणत नाही. त्या मुलींचे आई-बाप वर्षानुवर्षं रडले, राग परत परत येतो असं त्यांनीच सांगितलं. काहींनी सांगितलं, की क्षमा रोज सकाळी नव्याने करावी लागते. जखमी मुलींपैकी एकीच्या मेंदूला इजा झाली होती. ती चालू-बोलू शकत नव्हती. त्या गोळ्या झाडणाऱ्याची आई टेरी रॉबर्ट्स आठवड्यातून एकदा तिच्या घरी जायची, तिला न्हाऊ घालायची, वाचून दाखवायची. मुलीच्या आई-बापांनी तिच्यासाठी दार उघडलं आणि ती उंबरा ओलांडून आत आली. दोघांपैकी कोणाचं जास्त अवघड, मला सांगता येत नाही. 2017 साली टेरी गेली.

ही माणसांची बाजू झाली. मुळात या सगळ्यामागे बायबलातला देव कसा आहे, तेही सांगायला हवं. स्तोत्रसंहितेतल्या 136 व्या स्तोत्रात 26 ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीचा शेवट एकच: त्याची दया सरत नाही. पण हा देव भोळा नाही. योनाची गोष्ट घ्या. त्याला देवाने निनवेला पाठवलं, शत्रूच्या शहरात, नाश होणार हे सांगायला. तो उलट दिशेला पळाला, माशाच्या पोटात गेला, शेवटी निनवेत पोहोचला. लोकांनी पश्चात्ताप केला आणि देवाने शहर वाचवलं. योना संतापला. त्याने देवाला तोंडावर सांगितलं, की तू असाच दयाळू आहेस हे मला माहीत होतं, म्हणूनच मी पळालो. त्याची तक्रार देव कठोर असल्याची नव्हती, नको त्या माणसांवर देव दया करतो याची होती. पुस्तक एका प्रश्नावर संपतं. देव विचारतो, डावं-उजवं न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि इतकी गुरंढोरं असलेल्या शहराची मी कीव करू नये का? योनाचं उत्तर दिलेलंच नाही. ज्यू बांधव त्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, योम किप्पूरला, हेच पुस्तक वाचतात.

दूर देशी गेलेला

कुरणाजवळून निघालो. बराच वेळ आई गप्प होती. मग म्हणाली, “दादाशी बोललास का?”

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. माझ्या थोरल्या भावाशी सात वर्षं माझं बोलणं नाही. वडील गेल्यावर मी त्याला मुखत्यारपत्र दिलं होतं. त्यावर त्याने रस्त्याकडेची जागा विकली. मला नंतर कळलं, तेही गावातल्या दुसऱ्या कुणाकडून. मी फोनवर हिशेब मागितला. तो म्हणाला, “आता हिशेब मागतोस?” मी त्याला चोर म्हणालो. त्याने फोन ठेवला.

मी आईला म्हटलं, “त्याने एकदा चुकलं म्हणावं, मी लगेच बोलेन.”

आई म्हणाली, “उधळ्या पुत्राची गोष्ट माहीत आहे ना?”

मला वाटलं, ती मला बाप हो असं सुचवते आहे. तसं नव्हतं. ती म्हणाली, “वाटणी घेऊन दूर देशी कोण गेलं होतं?”

ही गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. लूकच्या पंधराव्या अध्यायात येशू एकामागून एक तीन गोष्टी सांगतो. शंभरातलं एक मेंढरू हरवतं, दहांतलं एक नाणं हरवतं, दोघांतला एक मुलगा हरवतो. धाकटा मुलगा बाप जिवंत असतानाच आपला वाटा मागतो, तो घेऊन दूर देशी जातो, सगळं उडवतो, डुकरं चारण्यापर्यंत येतो. मग घरी जाऊन काय बोलायचं ते मनाशी घोकत परत निघतो. तो अजून लांब असतानाच बाप त्याला पाहतो, धावत जातो, गळ्यात पडतो. मुलाने घोकलेलं भाषण त्याला पुरतं बोलूही देत नाही. झगा, अंगठी, जोडे, मेजवानी. बापाने हिशेब मागितलाच नाही. इथं ख्रिस्ती माणसाला देवाचं तोंड दिसतं: रस्त्याकडे डोळे लावून बसलेलं.

पण गोष्टीत दुसरा मुलगाही आहे. थोरला. तो कुठे असतो? शेतात. दिवसभर राबून घराजवळ येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो, चाकराला विचारतो आणि आत जायला नकार देतो. इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली, मला कधी मित्रांसोबत खायला एक करडू दिलं नाही, असं तो बापाला सुनावतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो. त्याचीही समजूत घालतो. आणि गोष्ट तिथेच थांबते. थोरला आत गेला की नाही, येशूने सांगितलंच नाही. योनाच्या उत्तरासारखंच.

चाळीस वर्षं ही गोष्ट मी चर्चमध्ये ऐकली. स्वतःला नेहमी थोरल्याच्या जागी ठेवलं. मी कष्टाळू, मी सरळमार्गी, माझ्यावर अन्याय झाला. त्या गाडीत पहिल्यांदा ध्यानात आलं, की अमेरिकेत राहणारा माणूस थोरला असूच शकत नाही. मला पाठवायला वडिलांनी दोन एकर विकलं होतं. तीच माझी वाटणी होती, बाप जिवंत असताना घेतलेली. दर दोन-तीन वर्षांनी मी जायचो तेव्हा घरात मटण शिजायचं, सगळी वाडी भेटायला यायची. दादा शेतातून येऊन हात-पाय धुवायचा आणि म्हणायचा, “कधी आलास?” त्याच्यासाठी कधी कुणी कोंबडं कापल्याचं मला आठवत नाही.

आणि वडिलांची शेवटची दोन वर्षं मी गेलोच नाही. व्हिसाचं काम अडकलं होतं. गेलो तर परत येता येईल की नाही ही भीती होती. ते खरं होतं. पण पूर्ण खरं नव्हतं, हेही मला माहीत होतं. माती झाली ती मी फोनच्या पडद्यावर पाहिली.

आई म्हणाली, “तुझे बाबा शेवटी शेवटी खाट फाटकाकडं तोंड करून लावायला सांगायचे. ऊन फिरलं की खाट फिरवायची. रोज.”

मी विचारलं, “कोण फिरवायचं?”

“कोण फिरवणार?”

पुढे बराच वेळ रस्ता होता आणि मी तो चालवत होतो, एवढंच सांगतो. थोड्या वेळाने तिला विचारलं, “जागेचे पैसे गेले कुठं?” ती म्हणाली, “निम्मे दवाखान्याच्या देण्यात गेले. निम्म्याचं त्याला ठाऊक. मी विचारलं नाही.” म्हणजे दादा अगदी निर्दोष आहे असं तिनंही सांगितलं नाही. पण त्या दिवशी निकेल माइन्सच्या कुंपणाशी उभं राहून मी जे आईला सांगितलं होतं, ते माझ्याच घरी लागू पडत होतं. मी शंभर दीनारांची वही सात वर्षं उघडी ठेवून बसलो होतो. माझ्यावरचं देणं कुणी कधी मोजलंच नव्हतं.

पाडवा

आमच्या वाडीत आम्ही दिवाळी करत नसू, पण शेजारच्या तीन घरांतून फराळ यायचा आणि नाताळात आमच्याकडून ताटं जायची. पाडव्याच्या दिवशी बाजारपेठेतल्या दुकानांत नव्या वह्यांची पूजा व्हायची. वडिलांबरोबर मी किराणा दुकानात जायचो. शेटजी आम्हाला पेढा द्यायचे आणि लाल कापडाची नवी वही उघडून दाखवायचे. मी विचारायचो, “जुन्या वहीचं काय होतं?” शेटजी हसून म्हणायचे, “बाकी पुढं ओढायची असते, बाळ.” दुकान तसंच चालतं, आणि चालायलाही हवं. ज्या बापावर आम्ही विश्वास ठेवतो, तो मात्र बाकी पुढे ओढत नाही. आमच्या श्रद्धेत क्षमेचा अर्थ मला समजला तो इतकाच.

मागच्या पाडव्याला, आई इथेच असताना, मी दादाला फोन केला. काय बोलायचं ते आदल्या रात्री घोकून ठेवलं होतं. चुकलो म्हणायचं होतं, चोर म्हणालो त्याबद्दल, बाबांच्या शेवटच्या दोन वर्षांबद्दल. “दादा,” एवढं म्हटलं आणि घसा बसला.

पलीकडे काही क्षण शांतता होती. मग त्याने विचारलं, “आईला गुडघ्याची गोळी वेळेवर देतोस ना? ती विसरते.”

“देतो,” मी म्हणालो. मग घोकलेलं बोललो, जमेल तसं. तो ऐकत होता. त्याने “माफ केलं” असं काही म्हटलं नाही, जागेच्या पैशांबद्दलही बोलला नाही. मीही विचारलं नाही. आता दर रविवारी फोन होतो. बहुतेक पाऊस, ऊस आणि आईचे गुडघे यांवर बोलणं होतं. मधे एकदा त्याचा आवाज चढला, एकदा माझाही. पुढच्या रविवारी तरी फोन झाला.

या नाताळात सगळे जाणार आहोत. तिकिटं काढली तेव्हा तारीख कळवायला फोन केला, तर म्हणाला, “मुंबईहून निघालास की फोन कर. किती का रात्र होईना, फाटक उघडं ठेवतो.”